बाणाचें पातें

हरिणाच्या शिकारीस बाणाचें पातें कोणतें घ्यावें, असा प्रश्न आम्हांस कोणी विचारील हें आमच्या स्वप्नींही नव्हतें. आम्ही पडलों निवृत्त शाळामास्तर. घरांत चातुर्मासांत कांदा-लसूणदेखील वर्ज्य. आणि वास्तव्य हिवरे बाजारास, जेथें झाडावर कुऱ्हाड चालविण्यास गांवानें आपण होऊन बंदी केलेली. १९८९ च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी इत्यादि नियम गांवानें पत्करले, आणि उघडे पडलेले डोंगर पुन्हां गवतानें झांकले गेले. शिकारीचें म्हणाल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांत १९९१ सालीं झालेली दुरुस्ती यांनीं ती साऱ्या देशांतच बंद केली आहे. आमच्या नगर जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीस तर काळविटांसाठीं अभयारण्यच आहे.

परंतु आमच्या धाकट्या बंधूंचा नातू अमेरिकेंत, न्यूयॉर्क संस्थानाच्या उत्तर भागांत, नोकरीस असतो. तिकडे हरणें उदंड. परवाना काढून नेमलेल्या ऋतूंत त्यांची शिकार करणें कायद्यास धरून असतें. चिरंजीवांनीं शेजाऱ्यांच्या नादानें एक आडवें धनुष्य घेतलें. (बंदुकीसारख्या दस्त्यावर धनुष्य आडवें बसवून चाप ओढून बाण सोडावयाचा, असें हें यंत्र, त्यास क्रॉसबो म्हणतात.) तो लिहितो, "आबा, लहानपणीं रघुवंश सांगतांना तुम्ही बाणांचीं निरनिराळीं नांवें सांगत होतां. येथें दुकानांत पात्यांचे शंभर प्रकार टांगले आहेत. आपल्या ग्रंथांत यावर कांहीं सांगितलें आहे काय?"

पत्र वाचून दाखवितांच आमच्या कुटुंबाचें मत पडलें कीं, ह्यास उत्तरच धाडूं नये. आम्हींही दोन दिवस कागद पुढें ओढला नाहीं. पण मनांत येई, आम्ही न लिहिल्यानें तो घरीं बसेल काय? तो जाणारच. मग पातें धड घेऊन जावें कीं भलतेंच, एवढाच प्रश्न उरतो; आणि त्याचें उत्तर भोगावयाचें तें त्या हरिणास.

धनुर्वेदावरील ग्रंथांत बाणाच्या टोंकास 'फल' म्हटलें आहे, आणि त्याचे प्रकार मोठे मौजेचे आहेत. चांभाराच्या आरीसारखें तें आरामुख, वस्तऱ्यासारखें तें क्षुरप्र, सुईसारखें तें सूचीमुख, वासराच्या दांतासारखें तें वत्सदंत. शिवाय अर्धचंद्र, गोपुच्छ, काकतुंड आणि भल्ल. प्रत्येकाचें काम वेगळें नेमलें आहे. आरामुखानें ढालीचें चामडें फोडावें, सूचीमुखानें कवच भेदावें, भल्लानें हृदय. म्हणजे फल निवडावयाचें तें दुकानांतील झगमगाट पाहून नव्हे, तर समोर काय उभें आहे तें पाहून.

आतां हरिणास कवच नाहीं. त्यावर सूचीमुख सोडलें तर बारीक छिद्र पडतें, कातडी त्यावर मिटते, आणि तें बिचारें जनावर जखम घेऊन कोसभर पळून कोठें तरी झुडपांत दिवसेंदिवस कुढत मरतें. सरावासाठीं जीं गुळगुळीत टोंकें मिळतात तीं ह्याच जातीचीं. म्हणून शिकारीस तीं वर्ज्य. बंदुकीच्या गोळीचा धक्काच मोठा असतो. बाण मारतो तो रक्तस्रावानें. त्यासाठीं क्षुरप्राची जात हवी, आणि क्षुर शब्दाला जागेल इतकी धार हवी. बोथट पात्यापुढून रक्तवाहिनी बाजूस सरकते, धारदार पातें तिला कापून जातें. फुप्फुसांतून असें पातें आरपार गेलें तर हरिण थोडक्याच वेळांत पडतें.

नातवाची खरी अडचण पुढेंच होती. तिकडे पात्यांच्या दोन जाती आहेत. एक स्थिर, दुसरी उडतांना मिटलेली व लागतांच छत्रीसारखी उघडणारी. आडव्या धनुष्याचा बाण सेकंदास तीनशे-चारशे फूट धांवतो. त्या वेगांत स्थिर पात्याला पंखाप्रमाणें वारा लागून बाण भरकटूं शकतो. उघडणारें पातें सरळ जातें व रुंद जखम करितें, पण बाणाचा कांहीं जोर उघडण्यांतच खर्चीं पडतो, आणि नेम तिरपा लागला तर तें कधीं नीट उघडतही नाहीं. तो दुसऱ्याकडे झुकलेला दिसला. आम्हीं स्थिर पात्याचा पक्ष घेतला. भरकटणें हा दोष सरावांत, गवताच्या गंजीवर, आधींच कळतो व दुरुस्त करितां येतो. न उघडणें हा दोष कळतो तो हरिणाच्या अंगांत. वजनाचेंही त्यानें विचारलें होतें. शंभर ग्रेन कीं सव्वाशे? तोळ्याचे १८० ग्रेन. तेव्हां शंभर म्हणजे साडेसहा माशांहून किंचित अधिक आणि सव्वाशे म्हणजे आठ माशांहून थोडें वर. दीड माशाहून थोडा अधिक एवढाच फरक! परंतु बाणाचा तोल एवढ्यानेंही ढळतो. म्हणून ज्या वजनावर सराव केला तेंच शिकारीस न्यावें.

एक गोष्ट लिहितांना आम्हांस फार समाधान वाटलें. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत युद्धांत वर्ज्य अशा शस्त्रांत कर्णी बाण सांगितला आहे; म्हणजे ज्याला मागें वळलेले कान असतात तो, शिरतांना सहज शिरणारा आणि निघतांना मांस फाडणारा. सुश्रुतानें तर शल्य काढण्याच्या प्रकरणांत लोहचुंबकाचा उपयोग सांगतांना तें शल्य बिनकानांचें असावें अशी अट घातली आहे. न्यूयॉर्क संस्थानाचा शिकारीचा नियम पाहावा तर तोही हेंच म्हणतो: पातें निदान सात-अष्टमांश इंच रुंद असावें, त्यास दोन तरी धारा असाव्यात, आणि मागें वळलेले कान असूं नयेत. शत्रूच्या बाबतींत जें मनूनें नाकारलें, तें तिकडच्या सरकारनें हरिणाच्या बाबतींत नाकारलें. मनूचें नांव त्यांच्यापैकीं कोणीं ऐकलें असेल असें वाटत नाहीं.

पत्र बंद करण्यापूर्वीं आमच्या कुटुंबानें विचारलें, "रघुवंशांतला तो दशरथाचा हरिण लिहिलांत का?" लिहिला नव्हता. नवव्या सर्गांत दशरथ एका हरिणावर नेम धरतो, तोंच त्याची हरिणी मध्यें येऊन उभी राहते, आणि राजा कानापर्यंत ओढलेला बाण उतरवितो. समासांत तेवढें लिहून दिलें.

मागल्या आठवड्यांत उत्तर आलें. स्थिर पातीं घेतलीं आहेत. सोबत सरावाच्या ठोकळ्याचें छायाचित्र होतें. तीन बाणांपैकीं दोन जवळ जवळ, तिसरा टीचभर दूर. तो विचारतो, एवढें पुरे ना? आम्हीं उलट टपालीं कळविलें कीं, पुरे नाहीं. तीस पावलांवरून तिन्ही बाण तळहाताएवढ्या जागेंत पडूं लागेपर्यंत रानांत पाऊल टाकूं नये. त्याचें उत्तर अद्यापि यावयाचें आहे.