राजीनामा द्यायचा, पण कोणाला?

आयटीत नोकरी सोडणं हा एक छोटा सोहळाच असतो. पोर्टलवर राजीनामा टाकला की मॅनेजरचा 'दोन मिनिटं बोलूया का?' असा मेसेज येतो. मग नोटीस पिरियड, शेवटच्या दिवशी केक, लॅपटॉप जमा आणि हातात रिलीव्हिंग लेटर. ऐरोलीत मी दोनदा यातून गेलेय. राजीनामा नेमका कोणाला द्यायचा, हा प्रश्न मला दोन्ही वेळा पडला नाही.

माझ्या मामेभावाला पडला. तो तुर्भ्याच्या एका गोदामात पिकर होता. हातात स्कॅनर घेऊन रॅकमधून ऑर्डरचा माल काढायचा, तासाला इतके नग असं टार्गेट. चौदा महिन्यांनी त्याला तळोज्यात फोर्कलिफ्ट चालवायचं काम मिळालं, तेव्हा त्याचा फोन आला. "ताई, एक लेटर लिहून दे ना. मला नीट सोडायचंय."

गोदामात सहसा कोणी असं नीट सोडत नाही. पगार झाला की दुसऱ्या दिवसापासून जायचं बंद, आणि सुपरवायझरचा नंबर ब्लॉक. यात उद्धटपणापेक्षा हिशेब जास्त असतो. आधी सांगितलं तर राहिलेल्या दिवसांचे पैसे अडकतील, ही भीती. भीती त्यालाही होती. पण त्याला तिथे चिकटवलं होतं पाटणकडच्या एका मित्राने, आणि तो मित्र अजून तिथेच होता. हा न सांगता गेला असता, तर बोलणी त्याने खाल्ली असती. गावाकडून येणाऱ्या पुढच्या मुलासाठी त्याने शब्द टाकला असता, तर तो कोणी ऐकला नसता.

आम्ही लिहायला बसलो आणि 'प्रति' या शब्दावरच अडलो. नेमणूकपत्र त्याला कधी मिळालंच नव्हतं. टी-शर्टवर एका कंपनीचं नाव, गेटपासवर दुसऱ्याच. शेवटी उमंग ॲपवर त्याचं पीएफ पासबुक उघडलं. तिथे आस्थापना म्हणून तिसरंच नाव होतं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. "हे कोण? मी यांच्याकडे कामाला होतो?"

त्याचे वडील, म्हणजे माझे मामा, वाशीच्या मार्केटात माथाडी. त्यांना हे सांगितलं तर त्यांना पटेचना. "आमच्यात मुकादमाला सांगायचं, टोळीला सांगायचं, बोर्डात अर्ज द्यायचा. तुला सांगायला माणूसच नाही?"

मामांच्या या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्यांचाही मालक कोण, हे एकेकाळी धड सांगता येत नसे. आज या व्यापाऱ्याची पोती, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक बदलत राहिले तरी कामगाराची नोंद एका बोर्डाकडे राहू लागली. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस. बोर्डाबद्दल मामांच्या तक्रारी पुष्कळ आहेत. पण तक्रार करायला त्यांच्याकडे पत्ता आहे.

ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्यांचं तर आणखी अवघड. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्याच अशी आहे की तो पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करतो. नातंच नाही, तर राजीनामा कशाचा? नीती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख लोक होते. त्यांनी काम सोडायचं म्हणजे लॉग आऊट करायचं.

म्हणून मला वाटतं, असा राजीनामा म्हणजे निव्वळ शिष्टाचार नाही. मी इथे होतो, अमुक दिवसापर्यंत काम केलं, हे सांगणारा बहुतेक वेळा तो एकच कागद असतो. मग तो त्याच हिशेबाने लिहावा.

आमचं पत्र सहा ओळींचं झालं. पासबुकातल्या त्या ठेकेदाराला, आणि प्रत सुपरवायझरला. रुजू झाल्याची तारीख, शेवटच्या दिवसाची तारीख, ओळखपत्र आणि स्कॅनर कधी जमा करणार ते, राहिलेला पगार आणि पीएफमध्ये कामाची शेवटची तारीख भरण्याची विनंती. त्याने 'कृपया मला माफ करावे' असं घातलं होतं. ते मी काढलं. काम सोडणं हा गुन्हा नाही. मामी हॉस्पिटलात असताना सुपरवायझरने रात्रपाळी बदलून दिली होती, त्याबद्दलचे आभार मात्र तसेच ठेवले. ते खरे होते.

पत्र व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे पाठवलं. पण त्याआधी त्याने त्या मित्राला सांगितलं. शेवटचे सात दिवस पूर्ण भरले, आणि नवीन आलेल्या मुलाला कोणत्या रॅकचे बारकोड फाटलेत ते दाखवलं. सुपरवायझरकडून उत्तरादाखल फक्त अंगठा आला. आम्ही त्याचाही स्क्रीनशॉट काढून ठेवला.

२०१९ च्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत पगार चुकता करायचा असतो. ठेकेदाराने तो बुडवला तर जबाबदारी मूळ मालकावर येते. याला पैसे मिळाले नवव्या दिवशी, तेही पत्राची प्रत जोडून दोनदा आठवण केल्यावर. पीएफमधली तारीख ठेकेदाराने अजून भरलेली नाही. पण शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की कामगाराला ती पोर्टलवर स्वतः भरता येते, त्यामुळे आता तो त्या दिवसाची वाट बघतोय.

तळोज्यात रुजू होताना त्याने सगळ्यात आधी नेमणूकपत्र मागितलं. चार दिवस लागले, पण मिळालं. त्यावर ठेकेदाराचं नाव आहे, पत्ता आहे, आणि सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, तेही लिहिलेलं आहे.