खांब एकेकाचा, लेणें सर्वांचें

कार्ल्याचें चैत्यगृह पाहून दिपून जाणारे पुष्कळ. खांबांवरील लेख वाचणारे थोडे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं धेनुकाकटच्या रहिवाशांनीं, त्यांत यवनहि होते, एकेक खांब दान दिला, असें ते लेख सांगतात. विद्यार्थ्यांस ते दाखवीत मीं कैक वर्षें काढिलीं. त्यांचा अर्थ मात्र मला निवृत्तीनंतर कळला.

मावळांतील एका बौद्ध वस्तींतील मुलगा मजजवळ संस्कृत शिकत असे. वाणी स्वच्छ, बुद्धि तल्लख. दहावी होतांच त्यानें विचारलें, "सर, पुढें शिकूं का?" "घरची स्थिति पाहतां लोणावळ्यास एखादी नोकरी धर," असें मीं सांगितलें. माझ्या मुलास हाच सल्ला दिला असता काय, हा प्रश्न तेव्हां मला सुचला नाहीं.

वस्तीला तो सुचला. विहारांत सायंकाळीं अभ्यासवर्ग भरे. देहूरोडच्या लष्करी डेपोंतील एक गृहस्थ तेथें गणित शिकवीत. फी वर्गणींतून भरली गेली. पुण्यांत एका परिचित कुटुंबानें त्यास ठेवून घेतलें. जातीचा दाखला आणि शिष्यवृत्ति यांसाठींचे हेलपाटे, आधीं शिकलेल्या एका मुलीनें सोबत घातले. आज तो अभियंता आहे.

ही रीत जुनी आहे. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२४ सालीं स्थापिलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें पुढल्याच वर्षीं सोलापुरास विद्यार्थिवसतिगृह काढिलें. देहूरोडच्या विहारांत बुद्धमूर्तीची स्थापनाहि त्यांनींच २५ डिसेंबर १९५४ रोजीं केली. सरकारी साह्य कागदावर असतें. तें मुलाच्या हातीं पडेपर्यंतची वाट माणसांनाच चालावी लागते.

आपल्या आजोबा-पणजोबांनीं वार लावून, माधुकरी मागून विद्या केली, हें आपण अभिमानानें सांगतों. तेंहि ज्ञातीचें साह्यच होतें. मग इतरांच्या यशास केवळ 'सवलत' कां म्हणावें? उलट, आपल्या वाडवडिलांना पाठशाळेचें दार उघडें होतें. यांच्या वाडवडिलांना तें आधीं उघडावें लागलें.

गेल्या महिन्यांत तो भेटावयास आला. माझा सल्ला चुकला होता, हें मीं त्याजपाशीं कबूल केलें. तो हंसून म्हणाला, "सर, मी रविवारीं विहारांत शिकवितों. आपण शनिवारीं संस्कृत शिकवाल?"

मीं होकार दिला. उशिरां कां होईना, एक लहानसा खांब माझ्याहि वांट्यास आला.