दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

स्वयंसेवकांच्या बळावर चालणारं एखादं ऑनलाइन ग्रंथालय जुनाट दिसू लागलं आणि त्याची वेबसाइट नव्यानं करायचं ठरलं, की चर्चा हमखास पहिल्या पानापासून सुरू होते. रंग कोणता घ्यायचा, बोधचिन्ह बदलायचं का, पुस्तकांची मुखपृष्ठं सरकती ठेवायची का. अशा ग्रंथालयांचा मी रोजचा वाचक आहे, मराठी मजकुराच्या मुद्रितशोधनालाही अधूनमधून हातभार लावतो, त्यामुळे या चर्चा आता पाठ झाल्या आहेत. माझ्या मते त्यांचा क्रमच उलटा असतो. वाचकाला वर जे दिसतं ते शेवटी बदलावं, आणि पुढेही कमी खर्चात बदलता येईल असं ठेवावं. मजकूर कोणत्या रूपात साठवला आहे, पुस्तकाचा पत्ता कायम आहे का, चूक सापडली तर ती कोण आणि किती सहज दुरुस्त करू शकतो, हे खालचं काम आधी. पैसा आणि माणसांचा वेळ तिथं लागला पाहिजे.

प्रोजेक्ट गुटेनबर्गकडे बघितलं की हे पटतं. ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकला, तिथपासून या ग्रंथालयाची सुरुवात धरतात. त्या जाहीरनाम्याचा सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत होता, कारण इंग्रजीची लहान अक्षरं तेव्हा तिथं उपलब्धच नव्हती. आज या ग्रंथालयात ७०,०००हून अधिक पुस्तकं आहेत. मधल्या काळात फ्लॉपी आल्या नि गेल्या, वेब आलं, किंडल आलं, मोबाइल आला. वेबसाइटचं रूप मात्र वर्षानुवर्षं कोरडंच होतं. नवी मांडणी आली ती २०२० मध्ये. पण जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा क्रमांक १३४२ होता, तो नव्या मांडणीतही १३४२च राहिला. विकिपीडियावरचे दुवे, लिब्रिव्हॉक्सची ध्वनिपुस्तकं, अभ्यासकांचे संदर्भ असं बरंच काही या क्रमांकांच्या भरवशावर उभं आहे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तिथं पुस्तकाची मूळ प्रत साध्या मजकुराच्या किंवा एचटीएमएलच्या स्वरूपात ठेवतात आणि ईपब, किंडल वगैरे आवृत्त्या तिच्यावरून संगणक आपोआप तयार करतो. नवं उपकरण बाजारात आलं तर तो एक प्रोग्राम सुधारायचा, हजारो पुस्तकांना हात लावायचा नाही. सूचीही कुणालाही उतरवून घेता येते. म्हणजे उद्या कुणाला गुटेनबर्गचं रूप आवडलं नाही, तर त्यानं त्याच पुस्तकांवर स्वतःची देखणी वेबसाइट खुशाल उभारावी. स्टँडर्ड ईबुक्सनं बरीचशी तीच पुस्तकं घेऊन नेटक्या, सुबक आवृत्त्या काढल्या आहेत. याउलट नूतनीकरण झालं आणि प्रत्येक पुस्तकाचा पत्ता बदलला, दहा वर्षांत लोकांनी ठिकठिकाणी दिलेले दुवे एका रात्रीत निकामी झाले, हा प्रकार इतका सर्रास दिसतो की आता त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. घराला रंग दिला म्हणून कुणी गल्लीचं नाव बदलत नाही. इथं मात्र तेच होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हार्ट यांचा आग्रह साध्या आस्की मजकुराचा होता, म्हणजे इंग्रजीपुरती १२८ चिन्हं. त्यात फ्रेंचमधले स्वरांवरचे आघातही बसत नाहीत, मग देवनागरीची काय कथा? जुना पाया जपा असं म्हणताना आपण दुसऱ्यांची मर्यादा आपल्या गळ्यात बांधून घेत नाही का? आक्षेप खरा आहे. गुटेनबर्गही आस्कीवर थांबलं नाही, पुढे युनिकोडकडे वळलं. पण पाया सदोष असेल तर पाया दुरुस्त करा, असाच या आक्षेपाचा अर्थ होतो. पहिल्या पानाचा रंग बदलून तो दोष जात नाही. मराठीपुरतं बोलायचं तर आपल्याकडचं खरं आधुनिकीकरण इथंच अडलेलं आहे. युनिकोड रुळण्याआधी टंकलेला ढीगभर मजकूर त्या त्या फाँटच्या सांकेतिक चिन्हांत आहे. फाँट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. तो रूपांतरित करणारी साधनं आहेत, पण जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकत आणि रफार नंतर, कारण डोळ्यांना ती तशी दिसतात. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम याच्या उलट. जोडाक्षर आलं की साधन गोंधळतं आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. हे माणसानंच वाचून काढावं लागतं.

युनिकोडमध्ये आल्यावरही सुटका नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र घ्या. तो संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण चालवूनही हा फरक मिटत नाही. वाचक ‘दुसऱ्या’ टंकतो, पुस्तकात तो शब्द शंभर ठिकाणी असतो, आणि उत्तर येतं: काही सापडलं नाही. मग एखादा उत्साही तंत्रज्ञ सफाई म्हणून ती अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकतो. त्याबरोबर सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्याला आचार्यपद मिळतं. मराठी येणाऱ्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं. न येणाऱ्याला कितीही चाचण्या घेतल्या तरी कळणार नाही. अशा ग्रंथालयाच्या खर्चाच्या यादीत या कामाचा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

दुसरा आक्षेप तरुण वाचकांचा. रूप जुनाट असेल तर ते फिरकणारच नाहीत, आणि आता सगळं वाचन फोनवर. खरं आहे, फोनवर न दिसणारं ग्रंथालय आज अर्धं बंदच म्हणायचं. पण फोनवर वाचन का नकोसं होतं ते नीट बघावं. जुन्या साध्या फायलींमध्ये सत्तरेक अक्षरांवर ओळ तोडलेली असते. अरुंद पडद्यावर ती एकदा पडद्याच्या कडेला मोडते आणि एकदा मूळ जागी. एक ओळ भरलेली, पुढची दोन शब्दांची, पुन्हा भरलेली. यावर वरून कितीही सुंदर साज चढवा, वाचणारा दुसऱ्या पानावर कंटाळतो. परिच्छेद कुठं संपतो, कवितेची ओळ कुठं तुटते हे फायलीतच नोंदलेलं असेल तर तोच मजकूर फोनवर आपसूक नीट बसतो. स्कॅन केलेल्या पीडीएफची तर गोष्टच सोडा. दोन बोटांनी पान मोठं करत कादंबरी वाचणारा वाचक मला भेटायचा आहे.

राहिला व्यवहाराचा मुद्दा: स्वयंसेवकांना हे झेपणार नाही, एखाद्या कंपनीला काम देऊन टाकावं. पैसे असतील तर जरूर द्यावं. पण देणगी एकदाच मिळते आणि देखभाल दरवर्षी लागते. कंपनीचं कंत्राट संपतं, सुरक्षेच्या सुधारणा थांबतात, आणि एका पुस्तकातली वेलांटी दुरुस्त करायलाही ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याला शोधत फिरावं लागतं. काम छोट्या तुकड्यांत वाटलं तर स्वयंसेवकांना किती झेपतं हे चार्ल्स फ्रँक्स यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्सनं दाखवलं आहे. एका वेळी एकच पान तपासायचं, शेजारी स्कॅन, आणि तेच पान पुढे दुसऱ्याच्या नजरेखालून जाणार. मराठी विकिस्रोतावर ही पद्धत रोज वापरात आहे: डावीकडे मजकूर, उजवीकडे छापील पानाची प्रतिमा, आणि न तपासलेलं पान लाल, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं प्रमाणित केलं की हिरवं. दिसायला हे काही आकर्षक नाही. नव्या माणसाला पहिल्यांदा ते किचकटही वाटतं, आणि तिथं सुधारणेला भरपूर वाव आहे हे मी मान्य करतो. टंकनाची सोय, सूचनांची भाषा, साच्यांचं जंजाळ, सगळंच सोपं व्हायला हवं. पण निवृत्त शिक्षिका असो की महाविद्यालयातला मुलगा, चूक दिसली की ती तिथंच सुधारता येते, कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणी काय बदललं याची नोंद राहते. नवी वेबसाइट करताना जर ही सोय जाणार असेल, आणि तिच्या जागी ‘आपली सूचना आम्हाला ईमेलनं कळवा’ एवढीच ओळ येणार असेल, तर मी जुनीच वेबसाइट वापरणं पसंत करीन.