फास आणि कडी

पक्षी पकडायचा, त्याच्या पायात कडी घालायची आणि त्याला पुन्हा सोडून द्यायचे, हा उद्योग शिकलीसवरलेली माणसे पहाटे चारला उठून करतात, असे सांगितल्यावर नवी पेठेतल्या आमच्या पेढीवरची मंडळी हसली. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि साताऱ्यामार्गे महाबळेश्वर गाठले. सोबत सोलापूरच्या सेटलमेंटमधले एक वृद्ध पारधी गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी मी दोन वर्षे अर्ज खरडतो आहे, त्यातून ही ओळख. आमच्या वस्तीतला प्राणिशास्त्र शिकणारा एक मुलगा अभ्यासकांच्या तुकडीत मदतनीस होता. बोलावणे त्याचेच.

जानेवारीची थंडी सोलापूरकराला सोसणारी नव्हती. जांभूळ, हिरडा, अंजनीच्या दाट रानात दोन बांबूंमध्ये बारीक काळी नायलॉनची जाळी ताणलेली. झाडांच्या सावलीत ती माणसालाही दिसत नाही, मग पाखराला कुठली दिसणार? पाखरू धडकते आणि जाळीच्या झोळीत अलगद पडते. दर अर्ध्या तासाने फेरी मारावीच लागते, नाहीतर ते गारठून मरायचे. सोडवून कापडी पिशवीत घालायचे, वजन करायचे, पंख मोजायचा, ॲल्युमिनियमची कडी पकडीने पायात बसवायची, वहीत नंबर लिहायचा, की सोडून द्यायचे. पहिला निघाला हिरवट वटवट्या. वजन किती? जुन्या पाच रुपयांच्या जाड नाण्याएवढे, त्याहून थोडे कमीच. हा जीव हिमालयात किंवा त्याच्याही उत्तरेकडच्या रानात उन्हाळा काढून आपल्या सह्याद्रीत हिवाळ्याला येतो.

आपल्याकडच्या कडीवर इंग्रजीत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, असे कोरलेले असते. ज्याला ती सापडेल त्याने कळवायचे, म्हणजे पाखरू कुठून कुठे गेले ते समजते. भरतपूरला कडी घातलेल्या बदकांचा पत्ता अशाच रीतीने पार सोव्हिएत रशियातून आला. ही युक्ती 1899 साली डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तरने काढली. आपल्याकडे 1927 मध्ये धार संस्थानात सुरुवात झाली. पण मोठे काम उभे राहिले ते एका तापामुळे. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली. गोचिडीतून येणारा हा रोग दूरच्या देशातून पाखरांनी आणला की काय, अशी शंका आली. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने डॉ. सालिम अली यांनी पक्ष्यांना कड्या घालण्याचे काम हाती घेतले. (हाच माकडताप 2016 पासून सिंधुदुर्गात दोडामार्गकडे काजूच्या बागेतल्या मजुरांना छळतो आहे. तेव्हा हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असे आमच्या पेढीवाल्यांनी समजू नये.)

मला खरे नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. एवढी पाखरे इजा न करता धरायची कोणी? सालिम अली स्वतः जर्मनीतल्या हेल्गोलँड बेटावर कडी घालायला शिकले होते. पण सोसायटीने या कामाला बिहारचे मीरशिकार आणले. पिढ्यान् पिढ्या पक्षी धरून पोट भरणारी ही जमात. त्यांच्यातले अली हुसेन तर पक्षीशास्त्राच्या जगात नावाजले गेले. मी हे आबांना सांगितले.

"पगार होता का त्यांना?" आबांनी विचारले.

"होता."

"आन् पोलीस?"

मी काय सांगणार? आबांच्या वडिलांनी तित्तर आणि लाव्हे धरले ते फास लावून. 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्यांपैकी ते एक. सोलापूरच्या तारेच्या कुंपणात रोज हजेरी द्यायचे. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, पण ठाण्यातला संशय गेला नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. मात्र ती विद्या जाणणाऱ्या हातांना दुसरे काम द्यावे, हे फारसे कोणाला सुचले नाही.

आबा सहाव्या जाळीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग मुलाला म्हणाले, "बाळा, ही वढ्याकडं सरकव. उन्हं आली की पाखरू पाण्याला उतरतंय, हिकडं कशाला येईल?" अभ्यासकांनी निमूटपणे ऐकले. पुढच्या फेरीत त्या एका जाळीत चार पाखरे होती. एकाचा पाय झोळीत गुंतला होता. आबांनी तो आपल्या राठ बोटांनी असा सोडवला, की पाखराने चोचही मारली नाही.

दुपारी तुकडीच्या प्रमुख बाईंनी वही पुढे ओढली. जाळी लावणाऱ्यांच्या रकान्यात नाव लिहायचे म्हणून त्यांनी आबांना पूर्ण नाव विचारले. आबा गप्प. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "कसली हाजरी हाय ही, भाऊ?" मी म्हणालो, "हजेरी नाही आबा, कामाची नोंद आहे." तेव्हा त्यांनी आपले नाव सांगितले, वडिलांचेही सांगितले, आणि बाईंना ते मोठ्याने वाचून दाखवायला लावले.