नारायणगुडा ते पंजागुट्टा

हैदराबादेतल्या मराठी घरांत पक्षाघाताला पक्षाघात फारसं कुणी म्हणत नाही. मराठवाड्यातून आलेल्यांच्या तोंडी ‘लकवा’, जुन्या शहरात वाढलेल्या आजोबा-आजींच्या तोंडी ‘फालिज’, आणि आपण सगळे ‘स्ट्रोक’ म्हणतो. माझ्या आत्याला तो २०२२ च्या दिवाळीनंतर झाला. चालणं सहा महिन्यांत बरंचसं परत आलं. उजवा हात मात्र आला नाही. कोपरात वाकलेला, मूठ मिटलेली, जणू काहीतरी लपवून धरलंय.

तेव्हापासून मी तिला फिजिओथेरपीला घेऊन जाते. आधी रोज, आता आठवड्यातून दोनदा. नारायणगुड्याला हिरव्या मेट्रोत बसायचं, सुलतान बाजार मागे टाकायचा, एमजीबीएसला उतरून लाल मेट्रो धरायची आणि पंजागुट्ट्याला उतरायचं. ऑटोने अंतर कमी पडतं, पण खड्ड्यांत आत्याचा खांदा दुखतो. लकव्यातला खांदा कसा जपावा लागतो हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळतं. मेट्रोला लिफ्ट आहे. सकाळी साडेदहानंतर जागाही मिळते.

सुलतान बाजार आलं की आत्या हमखास खिडकीकडे बघते. ती विवेकवर्धिनीची विद्यार्थिनी. बडी चौडीतली कुठली दुकानं गेली नि कुठली राहिली, याचा हिशेब तिच्याकडे पक्का असतो. स्ट्रोकने तिची बोली हळू केली, पण हैदराबादी मराठीचा बाज गेला नाही. गर्दी असली की अजूनही म्हणते, “थोडं सरका की हो, हौला आहे का हा!”

एमजीबीएसनंतरचं पहिलंच स्टेशन उस्मानिया मेडिकल कॉलेजचं. हे कॉलेज १८४६ साली हैदराबाद मेडिकल स्कूल म्हणून सुरू झालं, आणि तिथे डॉक्टरी उर्दूतून शिकवली जायची. इथलीच एक गोष्ट मला आत्याच्या हातामुळे सापडली.

गेल्या वर्षी अमेरिकेतल्या आतेभावाने एक दुवा पाठवला. व्हेगस नावाच्या नसेला विजेचे हलके झटके देऊन स्ट्रोकने अडलेला हात सुधारतो, असा. व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये भटकी. मेंदूच्या बुडापासून निघून मानेतून उतरते, आणि हृदय, फुप्फुसं, पोट असं हिंडत जाते. छातीच्या कातडीखाली पेसमेकरसारखी डबी बसवतात आणि तिची तार मानेत डाव्या व्हेगसला जोडतात. रुग्ण हाताचा व्यायाम करतो, आणि तो ग्लास उचलतो किंवा मूठ उघडतो त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबतो. अर्ध्या सेकंदाचा झटका. त्याने मेंदूत नॉरअॅड्रेनलिन, अॅसिटिलकोलीन अशी रसायनं सुटतात आणि जणू त्या हालचालीवर खूण होते: हे लक्षात ठेव. हात विजेने हलत नाही, तो माणसालाच हलवावा लागतो. आपल्याकडे फिजिओथेरपीत हातावर पट्ट्या चिकटवून जो ‘करंट’ देतात, तो वेगळा. तो थेट त्या भागातल्या नसा आणि स्नायूंना जागवतो.

आता मेडिकल कॉलेजची गोष्ट. १८८८ आणि १८८९ साली एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सीचे सर्जन आणि या मेडिकल स्कूलचे प्रमुख होते. क्लोरोफॉर्म दिल्यावर माणूस दगावतो तेव्हा आधी श्वास थांबतो की हृदय, हा तेव्हा जगभरचा वाद होता. तो मिटवायला हैदराबादेत दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी सहाव्या निजामांनी, मीर महबूब अली खान यांनी, एक हजार पौंड दिले, आणि लंडनहून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. हृदयाचा वेग मंदावणारी नस म्हणजे हीच व्हेगस, त्यामुळे तीही तपासात आली. लॉरींच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी या कामात होत्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. श्वासच आधी थांबतो, हा लॉरींचा आग्रही निष्कर्ष पुढे पूर्णपणे टिकला नाही. पण अहवाल छापला ‘लॅन्सेट’नेच, आणि व्हेगस-स्ट्रोकचा मोठा अभ्यासही २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला.

एकदा परतीच्या वाटेवर एमजीबीएसला उतरून आम्ही ऑटोने अफझलगंजला गेलो. ते आयोग बसले तिथलं जुनं रुग्णालय १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात गेलं, आणि त्या जागी पुढे व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्याने उस्मानिया रुग्णालय उभं राहिलं. घुमट अजून देखणे आहेत, पण जुन्या इमारतीत पाणी शिरल्यावर २०२० मध्ये तिथले वॉर्ड बंद झाले. आवारात ते चिंचेचं झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला सुमारे दीडशे माणसं त्याच्या फांद्यांना धरून वाचली. आत्याने डावा हात खोडाला लावला, मग डाव्या हाताने उजवा उचलून तोही लावला. ऑटोवाले चाचा बघत होते. म्हणाले, “हमारी अम्मी कू भी फालिज गिरा था. मालिश मत छोड़ो.” मालिश नाही, सराव, असं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं.

आता त्या अभ्यासाचं. अमेरिका आणि ब्रिटनमधले १०८ रुग्ण, सगळ्यांना स्ट्रोक होऊन नऊ महिने ते दहा वर्षं झालेली. डबी सगळ्यांना बसवली, पण अर्ध्यांनाच खरे झटके दिले, आणि कुणाला काय मिळतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सहा आठवड्यांत अठरा बैठका, मग घरी सराव. हाताची क्षमता ६६ गुणांच्या मापावर मोजली. बैठका संपताच झटकेवाल्या गटात सरासरी ५ गुण वाढले, दुसऱ्यात २.४. तीन महिन्यांनी, ठळक सुधारणा झालेले पहिल्या गटात ४७ टक्के होते, दुसऱ्यात २४. अमेरिकेच्या एफडीएने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उपकरणाला मान्यता दिली. यामागे टेक्सासमधले मायकेल किलगार्ड आणि नवझेर इंजिनियर यांचं उंदरांवरचं, कानातल्या आवाजाच्या आजारावरचं २०११ सालचं काम आहे.

आतेभाऊ पैशांची जमवाजमव करायला लागला होता. तिकडेच नेऊन करू, म्हणाला. आम्ही फाइल घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी पहिलं पान उलटलं आणि विचारलं, “यांना गुठळी झाली होती की रक्तस्राव?” आत्याला रक्तस्राव झाला होता. अभ्यास गुठळीने झालेल्या स्ट्रोकचा आहे आणि मान्यताही तेवढ्यापुरतीच. म्हणजे आत्या त्या आकड्यांत बसतच नाही. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर हा प्रश्न आधी विचारा, दुवे नंतर वाचा. आणि नुकताच झालेला स्ट्रोक असेल तर वेळ घालवू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देता येईल की नाही हे स्कॅन पाहूनच ठरतं.

परतीच्या मेट्रोत आत्या गप्प होती. खैरताबाद गेल्यावर म्हणाली, “ते दुसऱ्या गटातले. त्यांना करंट नव्हता ना?”

“नव्हता.”

“तरी चोवीस टक्के.”

मी तो आकडा कितीदा वाचला होता, पण त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. तीन वर्षं आम्हाला सगळे सांगत होते की पहिल्या वर्षात जे यायचं ते येतं, पुढे काही नाही. ती माणसं सरासरी तीन वर्षांनंतरची होती. नुसता नेमाने, मोजून केलेला व्यायामही त्यांतल्या काहींना पुढे घेऊन गेला. आत्या रक्तस्रावाची आहे, तेव्हा हेही तिला जसंच्या तसं लागू नाही, एवढं मी सांगितलं. तिने ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या थेरपिस्ट अम्मायीकडून घरच्या सरावाचा तक्ता मागून घेतला.

आता डायनिंग टेबलावर एक ताट असतं. त्यात चिंचोके. एकेक उचलून वाटीत टाकायचा, मग वाटीतून ताटात. मोजायचं काम माझ्या मुलाचं, दुसरीतल्या. तो थेरपिस्टकडून ऐकलेलं ‘इंकोसारि’ म्हणत बसतो, म्हणजे आणखी एकदा. पहिल्या आठवड्यात बारा झाले आणि आत्या रडली. मार्चमध्ये साठाच्या पुढे गेली. काही दिवस पुन्हा तिसावर येते, विशेषतः थंडीत हात आखडला की. डॉक्टरांनी सांगितलंय की सहा महिन्यांनी पुन्हा मोजू, तोवर गाऊनची बटणं हे लक्ष्य. खालची दोन ती स्वतः लावते. वरची अजून मी लावून देते.