दहा मिनिटांसाठी विमानाचं तिकीट

आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांचा मागे फोन आला. त्यांची मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या प्राध्यापकांनी तिला फ्लुइड डायनॅमिक्सच्या परिषदेत बोलायला पाठवायचं ठरवलं होतं.

"ताई, किती वेळाचं भाषण असतं हो तिथे?"

"दहा मिनिटांचं."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "दहा मिनिटांसाठी विमानाचं तिकीट आणि तीन रात्री हॉटेल? आणि पुढे म्हणे तिला यातच पीएच.डी. करायची आहे. नोकरी मिळते का हो यात?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या पिढीने इथे नोकरीच्या जोरावरच घरं उभी केली. मुलीच्या पोटापाण्याचं काय, हे बापाने विचारायचं नाही तर कोणी? हाच प्रश्न मला संक्रांतीच्या हळदीकुंकवात आणि गणपतीच्या पंगतीत अनेकांनी विचारला आहे. तेव्हा एकदाचं सविस्तर लिहावं म्हटलं.

आधी विषयाबद्दल थोडं. फ्लुइड मेकॅनिक्सला मराठीत 'द्रायुयामिकी' म्हणतात. मराठी विश्वकोशात तसं छापलेलं आहे, पण हा शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, त्यामुळे इथे फ्लुइड मेकॅनिक्सच म्हणू. पाणी, हवा, रक्त, मध, ढग, जे जे वाहतं ते कसं वाहतं याचं हे शास्त्र. स्वयंपाकघरातला नळ हळूच सोडला तर धार काचेच्या कांडीसारखी स्थिर दिसते. आणखी सोडला की फिसकटते. १८८३ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मँचेस्टरला काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची रेघ सोडून नेमकी हीच गोष्ट पाहिली: वेग कमी असेल तोवर रेघ सरळ, मर्यादेबाहेर गेला की विस्कटून सगळीकडे रंग. प्रवाहाची समीकरणं तर त्याच्याही आधीपासून माहीत होती. पण त्या समीकरणांची उत्तरं कायम सुरळीत राहतात की मध्येच बिनसतात, हे गणिताने सिद्ध करणाऱ्याला क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. एवढी वर्षं उलटली तरी ते कुणी नेलेलं नाही.

मी पुण्याची. शाळेच्या सहलीत आम्हाला खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नेलं होतं. १९१६ सालची ही संस्था. शेडमध्ये जमिनीवर अख्खी बंदरं आणि धरणं बांधलेली, गुडघ्याएवढी, आणि त्यांतून खरं पाणी सोडलेलं. बाकीच्या मुली डबा कधी खायचा ते विचारत होत्या आणि मी पाण्यातला भोवरा बघत बसले होते.

"आपल्यांपैकी कुणी यात नाव काढलंय का?" असंही लोक विचारतात. काढलंय तर. सुहास पाटणकर. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी, मग आय.आय.टी. मुंबई, मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग यांच्याकडे पीएच.डी. प्रवाहाचं गणित कॉम्प्युटरवर सोडवायची 'सिंपल' नावाची पद्धत या दोघांनी १९७२ साली मांडली. पुढे पाटणकर मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९८० साली त्यांचं पुस्तक आलं. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी ते झेरॉक्स करून वापरलं. विमानाचा पंख, इंजिन, इमारतीतली हवा, यांची गणितं करणाऱ्या बाजारातल्या कित्येक प्रोग्रॅम्समध्ये ही पद्धत किंवा तिची नातवंडं आहेत. तेव्हा नोकरी मिळते का, याचं पहिलं उत्तर 'हो, मिळते'. पीएच.डी.साठी बहुतेक विद्यापीठांत फी तर नाहीच, वर थोडा पगार देतात. नंतर विमानांच्या, तेलाच्या, हवामानाच्या, वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्या आहेत. खरी गोची आहे ती प्राध्यापक व्हायचं असेल तर.

आणि ती गोची दिसते परिषदेत. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या फ्लुइड डायनॅमिक्स विभागाची ही वार्षिक परिषद, आम्ही तिला नुसतं डी.एफ.डी. म्हणतो, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी सुरू होते आणि मंगळवारी संपते. आमच्याकडे दिवाळीचा फराळ संपत आला की डी.एफ.डी.ची घाई. तीन हजारांच्या वर माणसं येतात. एकाच वेळी तीसेक खोल्यांत भाषणं चालतात. नोबेलवाला असो की कॉलेजातलं पोर, निवडक निमंत्रित व्याख्यानं सोडली तर सगळ्यांना सारखीच दहाएक मिनिटं. हा न्याय मला फार आवडतो. घंटा झाली की कितीही मोठा माणूस खाली बसतो. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत हे लागू करता येईल का, हा ठराव मी एकदा मांडणार आहे.

मी पहिल्यांदा गेले १९९४ साली, अटलांटाला. तेव्हा ओव्हरहेड प्रोजेक्टरचे दिवस. अकरा ट्रान्सपरन्सीज मी विमानात तान्ह्या बाळासारख्या मांडीवर धरून नेल्या, कारण सामान हरवलं तर काय? खोलीत मोजून सात माणसं. त्यांतला एक माझ्यानंतर बोलणारा, स्वतःच्या ट्रान्सपरन्सीज लावत बसलेला. प्रश्न एकही नाही. मात्र दुपारी कॉफीच्या रांगेत एक वयस्क प्राध्यापक म्हणाले, "तुझ्या तिसऱ्या आकृतीबद्दल मला जरा समजावून सांग." कागदी रुमालावर आकृती काढून मी वीस मिनिटं बोलले. तीन वर्षांनी मला पोस्टडॉकची जागा मिळाली ती त्यांच्याकडे.

त्या गृहस्थांना मी हेच सांगितलं: तिकीट दहा मिनिटांचं नाही हो, कॉफीच्या रांगेचं आहे. एका जागेला दीडदोनशे अर्ज येतात. त्यांतला कुठला अर्ज नीट वाचायचा हे ठरताना "अरे, ही तर ती रुमालावर आकृती काढणारी" असं कुणाला तरी आठवावं लागतं. आणि इथे आपली मुलं मागे पडतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. हुशारीत नव्हे. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, स्वतःचं स्वतः सांगायचं नाही, हे आपण त्यांना इतकं उत्तम शिकवलेलं असतं की ती भिंतीला टेकून कॉफीचा कप संपवतात आणि खोलीवर जाऊन दुसऱ्या दिवशीच्या भाषणांवर खुणा करत बसतात. इथे जन्मलेली मुलंसुद्धा, बरं का! संकोच पासपोर्टवर अवलंबून नसतो.

आता दुसरी गोष्ट, जी फोनवर सांगता येत नाही.

माझा नवरा याच व्यवसायातला, पण त्याचा विषय नॉनलिनिअर डायनॅमिक्स. केऑस म्हटलं तर लवकर कळेल. ब्राझीलमधल्या फुलपाखराने पंख हलवले तर टेक्ससमध्ये चक्रीवादळ होईल का, असं विचारणारा एडवर्ड लोरेन्झ त्यांच्यातला. गंमत म्हणजे १९७२ सालच्या त्या भाषणाचं हे जगप्रसिद्ध शीर्षक लोरेन्झचं नव्हतंच. त्याने शीर्षक वेळेवर कळवलं नाही, म्हणून सत्र भरवणाऱ्या फिलिप मेरिलीजने ते परस्पर ठोकून दिलं. परिषदा भरवणाऱ्यांचे उपकार असे असतात.

या व्यवसायात नवराबायको दोघंही असले की त्याला इथे 'टू-बॉडी प्रॉब्लेम' म्हणतात. दोन ग्रहगोलांचं गणित न्यूटनने सोडवलं. दोन प्राध्यापकांना एका गावात नोकरी मिळवून द्यायचं गणित कुणालाच सुटलेलं नाही. आमची मुलगी २०००मध्ये झाली, म्हणजे गोल तीन झाले. तिघांच्या गणिताची कथा तर आणखी थोर. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त, १८८९ साली, आंरी प्वांकारेला तीन गोलांच्या प्रश्नावरच्या निबंधासाठी अडीच हजार क्रोनरचं बक्षीस मिळालं. छापून झाल्यावर त्यात मोठी चूक निघाली. अंक परत मागवले, फेरछपाईचा ३,५८५ क्रोनरचा खर्च प्वांकारेच्या माथी आला. पण चूक निस्तरताना त्याला जे गुंतागुंतीचे मार्ग दिसले, त्यांतूनच पुढे केऑसचं शास्त्र उभं राहिलं. माझा नवरा ही गोष्ट वर्गात फार रंगवून सांगायचा.

२००१मध्ये मला एका राज्यात कायम होऊ शकणारी जागा मिळाली आणि त्याला दुसऱ्या राज्यात, नऊशे मैलांवर. दोघांपुढे सहा-सहा वर्षांची टेन्युअरची मुदत. मुलगी माझ्याकडे. तो महिन्यातून एकदा यायचा, आणि रोज रात्री साडेसातला फोनवरून गोष्ट सांगायचा. एकदा ती शेजारणीला म्हणाली, "माझे बाबा फोनमध्ये राहतात." शेजारीण हसली. मी हसले नाही.

त्या काळात डी.एफ.डी. आमची कौटुंबिक जत्रा झाली. त्याचं काम प्रवाहांच्या जवळचं होतं म्हणून त्यालाही तिथे बोलता यायचं. रविवारी दोन विमानांनी दोन दिशांनी यायचं, मंगळवारी एकाच विमानाने घरी आणि मग थँक्सगिव्हिंगचे चार दिवस. २००५ साली शिकागोला सासूबाई बरोबर होत्या. मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. हॉटेलच्या खोलीत नात आणि आजी. सोमवारी दुपारी दोघी कंटाळून खाली आल्या आणि थेट प्रवाहांच्या चित्रांच्या दालनात शिरल्या. १९८३पासून हे चित्रांचं प्रदर्शन परिषदेत भरतं: फुटणारे थेंब, धुराची वेटोळी, रंगांचे पदर. नऊवारीतल्या बाईंना कुणी अडवलं नाही. सासूबाईंनी सगळं सावकाश पाहिलं आणि घुसळणीच्या एका चित्रापुढे थांबून मला विचारलं, "अगं, रवी आपण उलटसुलट का फिरवतो? एकाच बाजूला फिरवली तर लोणी येत नाही, ते का?"

हा प्रश्न सोपा नाही. एकाच दिशेने फिरवलं की थोड्या वेळाने सगळं ताकच रवीबरोबर गरगर फिरायला लागतं, एकमेकांत मिसळत नाही; दिशा बदलली की ते मोडतं. पण द्रव मधासारखा दाट असेल तर नुसतं उलटं फिरवून भागत नाही. जेफ्री टेलर यांनी १९६०च्या दशकात एका फिल्ममध्ये दाखवलंय: ग्लिसरिनमध्ये रंगाचा ठिपका फिरवून पसरवायचा आणि तेवढंच उलटं फिरवायचं, की ठिपका जवळजवळ पहिल्यासारखा गोळा होतो! दाट द्रव खरा मिसळायचा तर घुसळण्याची जागाही बदलावी लागते. हसन आरेफ यांनी १९८४ साली गणिताने दाखवलं की दोन ठिकाणी आळीपाळीने घुसळलं की साध्या प्रवाहातही केऑस तयार होतो. त्या दालनात उभं राहून नवरा आईला हे मिरजेच्या मराठीत समजावत होता, शेजारी दोन पोस्टडॉक ऐकत उभे राहिले, मग त्यांच्यासाठी इंग्रजीत सुरू झालं. इतका खूष मी त्याला त्या सहा वर्षांत दुसऱ्यांदा पाहिला नाही.

२००७ साली त्याने राजीनामा दिला आणि आमच्या गावाजवळ पंप बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. त्याच्या विद्यापीठाने मला तिकडे जागा द्यायचं दोन वर्षं आश्वासन दिलं होतं. शेवटी पत्र आलं ते तीन ओळींचं. साधारणपणे अशा वेळी बायको सोडते. आमच्याकडे उलट झालं तर मंडळात लोकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "काय झालं रे?" असं हळू आवाजात विचारलं, जणू घरात कुणी गेलंय. बायकोने सोडली असती तर "बरं झालं, आता मुलीकडे लक्ष देता येईल" म्हणाले असते. दोन्ही वाक्यं मला सारखीच खुपतात.

तो त्याबद्दल फारसं बोलत नाही. मुलगी मोठी झाली, तिने कायद्याचा अभ्यास घेतला आणि त्यावर आम्ही दोघांनीही तिला एक शब्द विचारला नाही. त्या गृहस्थांची मुलगी मात्र परिषदेला गेली आणि पीएच.डी.लाही लागली. तिला मी एवढंच सांगितलंय की लग्न कुणाशीही कर, पण नकाशा उघडून बोलणी आधी कर.

नवऱ्याच्या मंडळींची परिषद वेगळी. उपयोजित गणिताच्या सोसायटीची डायनॅमिकल सिस्टिम्सची, एक वर्षाआड मे महिन्यात, वर्षानुवर्षं युटामध्ये स्नोबर्डला भरणारी. डोंगरात, मे महिन्यातही बर्फ. राजीनाम्यानंतर तो बारा वर्षं तिकडे फिरकला नव्हता. २०१९ साली एके दिवशी अचानक म्हणाला, "जाऊन येतो." भाषण नाही, काही नाही, स्वतःच्या पैशाने नोंदणी. बिल्ल्यावर नावाखाली पंपांच्या कंपनीचं नाव. बरं झालं गेला, कारण २०२१ची परिषद ऑनलाइन झाली आणि २०२३ची पोर्टलंडला. पाच दिवस मागच्या रांगेत बसून आला. जुन्या मित्रांनी ओळखलं, एकाने रात्री जेवायला नेऊन नव्या पेपरचा खर्डा वाचायला दिला. घरी आला तो वहीची चाळीस पानं भरून. त्यांतल्या सतराव्या पानावर कंपनीतल्या एका जुन्या पंपाच्या खडखडाटाचं कारण आहे, असं त्याचं म्हणणं. पंप दुरुस्त झाला. तिकिटाचे पैसे कंपनीकडे मागावेत असं मी सुचवलं, तर म्हणाला, "नको, मी कामासाठी गेलो नव्हतो."