कातळाआडचं पाणी

माझ्याकडे मासेमारीचं जे सामान आहे, त्यातलं कामाचं जवळजवळ सगळं एका माणसाच्या सांगण्यावरून घेतलेलं आहे. बिनकामाचं मी माझ्या अकलेने घेतलं. ते तळघरात आहे. नाव लिहायला या माणसाने मनाई केली आहे. नाव छापून आलं की लोक जागा विचारत दारात येतात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरी त्यांना ‘रेल्वेवाले आजोबा’ म्हणतात, तेच इथे चालवतो. समोर मात्र त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची, अमेरिकेतली रीतच तशी. माझ्या सांगलीकडच्या जिभेला ते जमेपर्यंत बराच काळ मी त्यांना कशानेच हाक मारत नव्हतो, नुसता खाकरत असे.

2004 साली मी नोकरीसाठी पेनसिल्व्हेनियाच्या राजधानीत, हॅरिसबर्गला आलो. गावाच्या कडेने सस्क्वेहाना वाहते. न्यूयॉर्क राज्यातल्या ओट्सेगो तलावातून निघून सातशेहून अधिक किलोमीटर वाहत ती चेसापीकच्या उपसागराला मिळते. आमच्या इथे तिचं पात्र जवळपास मैलभर रुंद, पण उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी मांडीइतकंही पाणी नसतं. कृष्णेकाठी वाढलेला असल्याने नदी आपल्याला कळते, असं मी धरून चाललो होतो. आयर्विन पुलाखाली पोहलो होतो, गळाला गांडूळ लावून काठावर दुपारी घालवल्या होत्या. त्यात इथला नामांकित मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास: काशाच्या रंगाचा, अंगावर उभे पट्टे, लांबीला हातभरसुद्धा नाही. याला काय अवघड, म्हणून मी एका शनिवारी दुकानातून मोठी पेटी भरून आमिषं आणली आणि अख्खा उन्हाळा ती पाण्यात भिजवून परत आणत राहिलो.

आजोबा शेजारी राहत. नदीपलीकडच्या एनोला यार्डात मालगाड्यांवर त्यांची उमर गेली होती. एका संध्याकाळी कुंपणापाशी त्यांनी पेटी उघडायला लावली, सगळे कप्पे पाहिले आणि विचारलं, “यातलं माशासाठी काय आणलंस आणि स्वतःसाठी काय?” मग दोनच वस्तू बाहेर काढल्या. एक हिरवट तपकिरी ट्यूब, म्हणजे मऊ प्लॅस्टिकची पोकळ नळी, मागे बारीक झिरमिळ्या. दुसरा पाण्यावर तरंगत ‘बुडुक बुडुक’ करणारा छोटा पॉपर. “हा हंगाम एवढ्यावर काढ. बाकीचं हिवाळ्यात बघायला ठेव.”

रॉडही बदलायला लावला. मी आणलेला जाड होता, समुद्रावर चालला असता. त्यांनी साडेसहा फुटी, हलका, टोकाशी चटकन वाकणारा स्पिनिंग रॉड घ्यायला सांगितला. त्याला मध्यम आकाराचं रीळ आणि आठ पौंडी तंगूस. ट्यूबच्या पोटात शिशाचं डोकं असलेला गळ घालायचा, तो किती वजनाचा हे मात्र दुकानात नाही, नदीवर ठरवायचं. उन्हाळ्याच्या उथळ पाण्यात साडेतीन ग्रॅम, धार वाढली तर सात. आमिष तळाला टेकत टेकत गेलं पाहिजे. टेकलंच नाही तर हलकं, जागच्या जागी रुतलं तर जड. मी वजनांचे तक्ते शोधत बसलो होतो, त्यांनी एवढ्यातच काम भागवलं.

पण सामानाची शिकवण थोडकीच. खरं देणं आहे ते पाणी वाचायला शिकवल्याचं.

हॅरिसबर्गच्या वरच्या अंगाला रॉकव्हिलचा रेल्वेपूल आहे. 1902 साली पुरा झालेला, दगडी, 48 कमानींचा. आजही त्यावरून गाड्या धावतात. आजोबांना त्याचा अभिमान असा, की जणू दगड त्यांनीच वाहिले होते. त्या पुलाजवळच्या काठावर त्यांनी मला रॉडशिवाय उभं केलं आणि खांबांकडे बघायला सांगितलं. पाणी खांबावर आपटतं, दुभंगतं, दोन्ही बाजूंनी पळतं आणि मागे सुस्त होऊन उलटं फिरतं. “मासा कुठे असेल?” मी अर्थातच मागचा भोवरा दाखवला. ते म्हणाले, लहान मासा असेल. मोठा असतो त्या शिवेवर, जिथे पळतं पाणी आणि थांबलेलं पाणी एकमेकांना घासतं. अंग संथ पाण्यात ठेवायचं, तोंड धारेकडे; खाणं वाहत आलं की बाहेर पडून उचलायचं आणि परत आत. आणि मला तोवर कुणीही न सांगितलेली गोष्ट: अडथळ्याच्या पुढच्या अंगालाही, पाणी आपटून मागे रेटलं जातं तिथे, तळाशी संथ पाण्याची उशी असते. कित्येकदा सगळ्यात चांगला मासा तिथेच बसतो, कारण येणारं पहिलं भक्ष्य त्याचं.

या नदीत काठापासून काठापर्यंत तिरप्या कातळाच्या रांगा आहेत. पुलाचा खांब समजला की त्या रांगाही समजू लागतात. जिथे रांग तुटते आणि पाणी त्या खिंडीतून निसटतं, तिथे खाली डोह असतो. त्यांनी तपकिरी काचांचा पोलराइज्ड चष्मा दिला. तो घातल्यावर पाण्यावरची चकाकी गेली आणि तळ दिसला. तोवर मी आंधळ्यासारखा गळ टाकत होतो.

ट्यूब धारेला आडवी, जराशी वरच्या अंगाला फेकायची आणि ओढायची नाही. नदीलाच वाहू द्यायची, आपण फक्त ढील आवरायची. तळावरून घरंगळणारी ट्यूब क्रेफिशसारखी दिसते, आणि बासचं मुख्य खाणं तेच. गोड्या पाण्यातलं हे कवचाचं जनावर आपल्या शेवंडाच्या नात्यातलं. चावा ‘ठक’ असा क्वचित लागतो. बहुधा दोरी नुसती थांबते, किंवा जायची तिकडे न जाता बाजूला सरकते. कातळात गळ अडकला तर जिथे उभे आहात तिथून ताकद लावू नका, वरच्या अंगाला जाऊन उलट दिशेने ओढा. दर थोड्या वेळाने तंगुसाचा शेवटचा हातभर भाग बोटांतून फिरवा. खरखरीत लागला तर कापा आणि नवी गाठ मारा. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस कमजोर होतं. गढूळ पाणी असेल तर काठाजवळ चमचमत्या पात्यांचं स्पिनरबेट. ऑगस्टच्या संध्याकाळी पांढऱ्या माशा पाण्यावर उठतात तेव्हा सगळं विसरून काहीतरी छोटं, पांढरं, वरच्या वर. हे सगळं त्यांनी एका दमात कधीच सांगितलं नाही. एक गोष्ट सांगून ते गप्प बसत, पुढची मी विचारेपर्यंत.

फ्लाय फिशिंगकडे ते फार वळले नाहीत, पण एकाबद्दल त्यांना आदर. खालच्या अंगाच्या मिडलटाउनमधले बॉब क्लाउझर यांनी 1980 च्या दशकात याच नदीच्या बाससाठी ‘क्लाउझर मिनो’ ही कृत्रिम माशी (फ्लाय) बांधली. तिच्या डोळ्यांतच वजन असल्यामुळे गळाचं टोक वर राहतं आणि दगडात कमी अडकतं. आता ती जगभर वापरतात. “जो माणूस रोज एकाच नदीवर जातो त्यालाच असं सुचतं,” एवढंच आजोबा म्हणत.

पाण्यात उतरण्याबाबत ते कडक होते. हॅरिसबर्गला पाण्याची पातळी मोजण्याचं सरकारी केंद्र आहे. त्याचा आकडा चार फुटांच्या वर असेल त्या दिवशी आम्ही काठावरून परत येत असू. चालताना पाय एकमेकांवरून टाकायचे नाहीत; एक रोवला की मग दुसरा सरकवायचा, काठी वरच्या अंगाला. धारेबरोबर खोलात उतरत जायचं नाही, परत वर चढता येत नाही. डॉक स्ट्रीटच्या बुटक्या बंधाऱ्याजवळ तर ते मला फिरकूही देत नसत. तो लांबून निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं गुंडाळत राहतं आणि अडकलेल्या माणसाला सोडत नाही. तिथे कितीतरी लोकांचे जीव गेले आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल छोट्या होडीत लाइफ जॅकेट अंगात हवंच, असा पेनसिल्व्हेनियाचा कायदा पुढे आला. त्यांच्या होडीत तो आधीपासून होता. मला पोहता येतं असं मी एकदा सांगून पाहिलं, तर म्हणाले, “थंड पाण्याला ते माहीत नसतं.”

2009 च्या मंदीत माझी नोकरी गेली. घर बायकोच्या पगारावर चालू होतं आणि मी दिवसभर घरात. आजोबांनी नोकरीचा विषय एकदाही काढला नाही. सकाळी दारात उभे राहत, “होडीला दुसरा माणूस हवा” म्हणत. ते आयुष्यभर एकट्याने होडी चालवत आले होते, हे मला माहीत होतं. पाणी दहा अंशांखाली गेलं की बास उथळ जागा सोडून खोल, संथ डोहांत गोळा होतात. तिथे आमिष हलवणं म्हणजे जवळपास न हलवणं. मी अधीर होऊन रीळ फिरवू लागलो की ते नुसते माझ्या हाताकडे बघत. त्या हिवाळ्यात घराबाहेर पडायला मला रोज एक कारण होतं, ते त्यांनी दिलं होतं. यापलीकडे त्याबद्दल काय लिहावं, मला कळत नाही.

मे महिन्यात मात्र ते बासला गळ टाकत नसत. पाणी पंधरा-सोळा अंशांवर आलं की नर वाळूगोट्यांत घरटं करतो, मादी अंडी घालून जाते आणि पिलांची राखण नर करतो. उथळात ते स्पष्ट दिसत, कुणीही धरले असते. नर उचलला की बाकीचे मासे घटकेत अंडी फस्त करतात, असं त्यांनी मला सांगितलं होतं. 2005 च्या उन्हाळ्यात या नदीत आणि तिच्या जुनिआटा या उपनदीत अंगावर पांढरे चट्टे पडलेली बासची पिलं मोठ्या संख्येने मेली. पुढच्या काही वर्षांत या पट्ट्यात धरलेला बास लगेच सोडण्याचा आणि विणीच्या दिवसांत त्याच्या वाटेला न जाण्याचा नियम आला. आमच्यात काही बदललं नाही. गळाची उलटी नांगी ते आधीपासून पक्कडीने दाबून टाकत, हात ओले केल्याशिवाय माशाला शिवू देत नसत.

आणि हा मासा मूळचा इथला नाहीच, हेही त्यांनीच सांगितलं, मोठ्या मजेने, कारण गोष्ट रेल्वेची होती. 1854 साली विल्यम श्रायव्हर यांनी ओहायोच्या खोऱ्यातले काही बास बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीतून मेरिलंडमधल्या कंबरलंडला आणून सोडले. तिथून ते पोटोमॅकमध्ये पसरले आणि पुढे त्याच शतकात सस्क्वेहानातही आले. “तिकीट न काढता,” आजोबा पुढे जोडत. मला आणि त्या माशाला एका ओळीत बसवायचा मोह तेव्हा झाला होता; त्यांना तो दिसला असावा, कारण लगेच त्यांनी मला वल्ही मारायला लावली.

आता ते ओहायोत मुलीकडे असतात. बोटं थरथरतात, गाठ मारता येत नाही. म्हणून तंगुसाच्या हातभर तुकड्यांना गळ बांधून मी त्यांना पाकिटातून पाठवतो. एवढी एकच परतफेड त्यांनी माझ्याकडून घेतली, तीही तक्रार करत. रविवारी फोनवर पहिला प्रश्न हॅरिसबर्गच्या पातळीचा असतो. परवा मी “साडेतीन” म्हटलं, तर “मग घरात काय करतोस?” म्हणाले आणि माझ्या गाठींवर आले. शेपूट फार जवळ कापतोस, त्यामुळे गाठ सरकते, मासा गेला. नव्या पाकिटात शेपटं जरा लांब ठेवली आहेत.